गाविलगड : भिंत शाबूत, किल्ला गेला

15 डिसेंबर 1803. सकाळी दहा वाजता इंग्रजांनी गाविलगडावर सुलतानढवा केला आणि त्याच दिवशी किल्ला घेतला. त्यांच्या तोफा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. गडावर पाण्याला तोटा नव्हता आणि शिबंदी भरपूर होती. आडगावच्या लढाईतून निसटून आलेलं नागपूरकर भोसल्यांचं कवायती पायदळही आत होतं. सातपुड्याच्या कड्यावरचा हा गड अजिंक्य आहे, असं वऱ्हाडात पिढ्यान्पिढ्या मानलं जायचं. त्याच्या आतल्या तटाला शेवटपर्यंत खिंडार पडलं नाही आणि तरीही तो गेला.

सप्टेंबर ते डिसेंबर 1803 या तीन-साडेतीन महिन्यांत दख्खनच्या राजकारणाचं पारडं फिरलं. असई आणि आडगावच्या उघड्या मैदानात इंग्रज संख्येने थोडे होते, तरी दोन्ही लढाया त्यांनीच जिंकल्या. गाविलगडावर मराठ्यांच्या बाजूने डोंगर, तट आणि माणसं होती, पण ती फौज कोंडली गेली आणि संपली. थोडक्या किंवा वेढल्या गेलेल्या सैन्याचं भवितव्य कशावर ठरतं, हे समजून घ्यायला वऱ्हाडाच्या इतिहासात याहून बोलका प्रसंग नाही.

वसईपासून वऱ्हाडापर्यंत

या युद्धाचं मूळ पुण्यात होतं. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि 31 डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. मे 1803 मध्ये इंग्रज संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा पुण्याच्या गादीवर आला. मराठी राज्याचा प्रमुखच परक्याच्या ताब्यात गेल्यावर दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीवर एकत्र आल्या. होळकर मात्र बाजूला राहिला. शिंदे बुडाले तर बरंच, हा त्या घटकेचा हिशेब होता आणि त्याची किंमत सगळ्यांनीच मोजली.

दख्खनमधल्या इंग्रज फौजेचा सेनापती जनरल आर्थर वेलस्ली चौतीस वर्षांचा होता. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा तो हाच. दोन्ही सरदारांनी आपापल्या मुलखात परत जावं, अशी त्याची मागणी होती. आधी तुमची फौज हलवा, असं त्यांचं उत्तर होतं. 3 ऑगस्टला इंग्रज वकील कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीतून निघाला आणि 12 ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

त्या वेळी वऱ्हाडात दुअंमल होता. सुभा कागदोपत्री निजामाचा, पण वसुलात भोसल्यांचा मोठा हिस्सा. सातपुड्याच्या धारेवरचे गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडे होते. खाली सपाटीवर एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, निजामाच्या बाजूच्या सलाबतखानाचं ठाणं होतं. हे ठाणं गडापासून एका मजलेच्या अंतरावर होतं आणि सलाबतखान या युद्धात वेलस्लीच्या पक्षात होता. गाविलगडाच्या वेढ्याची निम्मी तयारी या एका गोष्टीने झाली.

असई : दोन नद्यांच्या बेचक्यात

23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या एकत्र फौजेशी अचानक गाठ पडली. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी दूर होती. वेलस्लीजवळ कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास होतं, त्याखेरीज म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार होते. समोर शिंद्यांच्या एकट्या कवायती पलटणींतच दहा हजारांवर शिपाई होते, शंभराच्या आसपास तोफा होत्या आणि घोडदळाची तर गणतीच नव्हती.

अशा वेळी थोड्या सैन्याला सर्वांत मोठं भय असतं ते बगलेवरून वेढलं जाण्याचं. वेलस्लीने आधी त्याचाच बंदोबस्त केला. कैलना नदीला जवळपास उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. पण नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. समोरासमोरची गावं असतील तर मध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, असं ताडून तो तिकडे वळला आणि त्याला उतार सापडला. नदी ओलांडल्यावर त्याची फौज कैलना आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभी राहिली. डावी-उजवीकडे पाणी असल्यामुळे मराठ्यांच्या अफाट घोडदळाला वळसा घालायला वावच उरला नाही. लढाई जागेपुरती मर्यादित झाली आणि तिथे संख्येचं वजन घटलं.

शिंद्यांच्या पलटणी नावं ठेवण्याजोग्या लढल्या, असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. शत्रू बगलेवर उतरतोय हे पाहताच शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या हाताखालच्या या पलटणींनी आपली सगळी रांग वळवून नवं तोंड धरलं. हे अवघड काम त्या इतक्या शिस्तीने करतील, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. मराठी तोफांनी इंग्रजांची भयंकर हानी केली. सुमारे सोळाशे माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे त्यांच्या कवायती सैन्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश. पण रघूजी भोसले लढाई रंगात असतानाच मैदान सोडून गेले होते आणि घोडदळाने निर्णायक घटकेला हात घातला नाही. 98 तोफा मागे राहिल्या.

आडगाव : संध्याकाळची लढाई

असईनंतर स्टीव्हन्सनने ऑक्टोबरमध्ये बुऱ्हाणपूर आणि अशीरगड घेतले. त्याच महिन्यात पूर्वेकडे कर्नल हारकोर्टने भोसल्यांचं कटक जिंकलं. उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने शिंद्यांच्या हातून अलीगड आणि दिल्ली आधीच घेतली होती. आता भोसल्यांचं राज्यच दोन्ही अंगांनी आवळलं जात होतं. 23 नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी तात्पुरती तहकुबी केली. भोसले तिच्यात नव्हते. शिंद्यांच्या फौजेने ठरल्या जागी निघून जायचं होतं, ती गेली नाही. त्यामुळे तहकुबी झाली असूनही शिंद्यांचं घोडदळ भोसल्यांच्या पायदळाशेजारीच उभं राहिलं.

29 नोव्हेंबरला लांबच्या मजलेनंतर वेलस्लीला त्या दिवशी लढायचं नव्हतं. पण आजच्या अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे असलेल्या आडगावसमोर मराठी फौज पाच मैलांच्या रांगेत उभी दिसली. भोसल्यांच्या सैन्याचा सेनापती होता रघूजींचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन एकत्र आले तरी त्यांचं बळ दहा-अकरा हजारांच्या घरात होतं. समोरची फौज त्याच्या कितीतरी पट होती.

सिरसोलीजवळून इंग्रज रांगा पुढे येताच मराठी तोफा सुटल्या आणि असईत उत्तम लढलेल्या तीन देशी पलटणी घाबरून मागे पळाल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना आडोशाला गोळा केलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि पुढे नेलं. आपण तिथे नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्याने नंतर लिहिलं. हल्ला सुरू झाला तेव्हा साडेचार वाजले होते आणि उजेड फार उरला नव्हता. भोसल्यांच्या चाकरीतले सुमारे पाचशे अरब दोन स्कॉटिश पलटणींवर तुटून पडले आणि जवळजवळ सगळे कापले गेले. त्यानंतर रांग फुटली. चांदण्या रात्री मैलोगणती पाठलाग झाला. 38 तोफा इंग्रजांना मिळाल्या. त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे साडेतीनशे होते.

पाच मैलांच्या त्या रांगेत प्रत्येक तुकडी आपल्यापुरती लढली. एक भाग फुटल्यावर त्याच्या मदतीला धावेल असं राखीव सैन्य नव्हतं आणि तसा हुकूम देणारा एक सेनापतीही नव्हता. इंग्रजांच्या तीन पलटणी पळाल्या, तरी त्यांना परत उभं करणारा माणूस रांगेच्या मागेच होता.

गड आणि त्याच्या तीन वाटा

आडगावहून निसटलेलं भोसल्यांचं पायदळ गाविलगडाच्या आश्रयाला आलं. किल्ल्याच्या बचावाची सूत्रं बेनीसिंह या रजपूत सरदाराकडे होती. शिबंदीत रजपूत शिपाई होते आणि कवायती शिपायांकडे कंपनीच्या बनावटीच्या बंदुका होत्या.

गाविलगडाची तटबंदी 1425 मध्ये अहमदशहा वली बहमनीने उभारली आणि पुढे इमादशाहीत फत्तेउल्ला इमादुल्मुल्काने ती वाढवली, दुरुस्त केली. तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांमध्ये असलेल्या डोंगररांगेवर हा गड आहे. किल्ल्यात किल्ला, अशी त्याची रचना. दक्षिणेला कडा सर्वांत तुटलेला, तिथे आतला किल्ला. त्याच्या उत्तरेला आणि वायव्येला बाहेरचा किल्ला. त्याहीपुढे उत्तरेकडच्या वाटेवर आणखी एक तट.

दक्षिण दरवाजाची चढण लांब आणि उभी होती, फक्त माणूस चढेल अशी. वायव्येची वाट रोजच्या वहिवाटीची, पण ती किल्ल्याच्या पश्चिम अंगाने वळसा घेत जायची आणि बराच पल्ला तटावरच्या माऱ्याखाली यायचा. उत्तरेला मात्र लबाडा गावाकडून येणारी जमीन जवळजवळ किल्ल्याच्या पातळीत होती. तिथून तोफा लावता येत होत्या. अडचण एकच होती. एलिचपुराहून लबाड्याला जायचं तर सुमारे तीस मैल डोंगरातून, दऱ्याखोऱ्यांतून जावं लागे आणि त्या वाटेने अवजड तोफा आणता येतील, असं कुणाला वाटत नव्हतं. गाविलगडाचं अजिंक्यपण तटात कमी आणि या तीस मैलांत जास्त होतं.

सात ते बारा डिसेंबर

5 डिसेंबरला दोन्ही इंग्रज तुकड्या एलिचपुरात आल्या. आडगावच्या जखमींसाठी तिथे इस्पितळ घातलं. लगेच दोन छोट्या तुकड्या पुढे गेल्या. एकीने गडाच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या जागेतून शिबंदीच्या लोकांना हटवलं. दुसरीने डोंगराच्या तोंडाशी असलेलं, इंग्रजी कागदांत दामरगाव म्हणून येणारं तटबंदीचं गाव घेतलं. लबाड्याकडे जाणाऱ्या वाटेची ती किल्ली होती.

7 डिसेंबरला वेलस्ली दक्षिण पायथ्याच्या देवगावला गेला आणि स्टीव्हन्सन डोंगरात शिरला. 7 ते 12 या सहा दिवसांत त्याच्या माणसांनी आधी रस्ता तयार केला, मग त्यावरून तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळी वाट हाताने ओढून नेला. वेलस्लीने 15 डिसेंबरच्या खलित्यात या श्रमांचं खास कौतुक केलं आहे.

वेढा अजून पुरता बसलेला नव्हता. शत्रूची फौज दोन जागी विभागलेली होती आणि मध्ये अख्खा डोंगर होता. स्टीव्हन्सनची माणसं दोरखंड ओढण्यात गुंतलेली होती. मेळघाटच्या अरुंद घाटात झाडं आडवी पाडून, दरडी लोटून, रात्री छापे घालून त्या सहा दिवसांचे तीन आठवडे करता आले असते. पण शिबंदी तटाआड राहिली. बाहेर हिंडणाऱ्या घोडदळानेही स्टीव्हन्सनची रसद तोडली नाही.

मराठ्यांना हे तंत्र नवं नव्हतं. 1690 पासून 1698 च्या आरंभापर्यंत मोगलांनी जिंजीला वेढा दिला, पण संताजी आणि धनाजी बाहेरून घाव घालत राहिले. 1692-93 मध्ये झुल्फिकारखानाची अशी कोंडी झाली की वेढा उठवून त्याला वांदिवाशला मागे जावं लागलं. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळा आवळला, तेव्हा तट धरून बसण्यापेक्षा निसटणं शहाणपणाचं आहे हे शिवाजी महाराजांनी ओळखलं. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी मूठभर माणसांनिशी वाट अडवली, तीही मोठी फौज पसरू शकणार नाही अशी जागा निवडून. किल्ला शत्रूला अडकवून ठेवतो आणि बाहेरची फौज त्याला थकवते, हे या युद्धपद्धतीचं सार होतं. शतकाभराने भोसल्यांनी त्यातला पहिला भाग ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

सुलतानढवा

12 डिसेंबरच्या रात्री स्टीव्हन्सनने उत्तरेला दोन मोर्चे बांधले. त्यांतल्या मोठ्या मोर्चात अठरा पौंडी दोन आणि बारा पौंडी तीन लोखंडी तोफा होत्या. त्याच रात्री वेलस्लीने दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर एक मोर्चा बांधला. तिथली चढण इतकी उभी होती की लोखंडी तोफा वर चढल्याच नाहीत आणि हलक्या पितळी तोफांवर भागवावं लागलं. त्यांनी तटाचं फारसं बिघडलं नाही, पण शिबंदीचं लक्ष दोन दिशांना वाटलं गेलं.

13 तारखेला सकाळी मारा सुरू झाला आणि 14 च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटांना चढण्याजोगी खिंडारं पडली. आतला तट शाबूत होता. 15 ला दहा वाजता लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखाली ढवा झाला. इंग्रज मुत्सद्दी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा वेलस्लीबरोबर होता आणि तोही या ढव्यात सामील झाला. त्याच वेळी दक्षिण आणि वायव्य दरवाजांवर हुलकावणीचे हल्ले झाले.

बाहेरचा किल्ला लवकर पडला. तिथली माणसं आतल्या किल्ल्यात जाऊन दरवाजे बंद करण्याऐवजी वायव्य दरवाजाने पळायला निघाली. पण तिथे कर्नल चामर्सची तुकडी येऊन भिडली होती. पुढेही शत्रू आणि मागेही शत्रू, अशा कचाट्यात दरवाजापाशी फार मोठी कत्तल झाली. हूल म्हणून केलेला हल्ला खरा ठरला आणि चामर्स त्याच वाटेने आत आला.

आतल्या किल्ल्यासमोर मात्र इंग्रजांचा ढवा अडला. दरवाजा भक्कम होता आणि केनी प्राणघातक जखमी झाला. तटावर राखीव तुकडी असती तर या वेळी सगळं चित्र पालटलं असतं. पण शिबंदीचा भर दरवाजावर होता आणि तटाची एक बाजू दुर्लक्षित राहिली होती. कॅप्टन कॅम्पबेलने ती हेरली, 94 व्या पलटणीच्या हलक्या पायदळाकडून शिड्या लावल्या आणि वर चढून आतून दरवाजा उघडला. त्यानंतर लढाई उरली नव्हती.

बेनीसिंह हातात तलवार घेऊन पडला. त्याचं प्रेत दरवाजाजवळच्या मढ्यांच्या ढिगात सापडलं. रजपूत सरदारांनी आपल्या बायका-मुलींना मारण्याचा हुकूम दिला होता. तो पुरता अमलात आला नाही. काही जणी मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या आणि वेलस्लीने त्यांना मानाने वागवलं. इंग्रजांची हानी दीडशेच्या आतबाहेर होती. शिबंदीची मात्र धूळधाण झाली.

वर्ध्याची सीमा

दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावला रघूजींनी तह केला. कटक आणि बालेश्वर इंग्रजांना गेलं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही भोसल्यांनी सोडला आणि तो पुढे निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा आणि त्यांच्याभोवतीचा चार लाख रुपयांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव इथे शिंद्यांनीही तह केला. मराठ्यांच्या दोन बलाढ्य सरदारांचं भवितव्य पंधरवड्यात वऱ्हाडातल्या दोन गावांत ठरलं.

या तहाचा खोल घाव नकाशावर पडला. रुक्मिणीचं माहेर मानलं गेलेलं कौंडण्यपूर वर्ध्याच्या पश्चिम काठावर आहे. लोकपरंपरेत ती विदर्भाची राजधानी, म्हणजे नदीच्या दोन्ही अंगांच्या मुलखाचं मध्य. देवगावच्या तहाने तिथली नदी दोन राज्यांची सरहद्द झाली. पलीकडचा आर्वीचा काठ भोसल्यांचा, अलीकडचं कौंडण्यपूर निजामाच्या वऱ्हाडात. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांचे राजकीय रस्ते इथून वेगळे झाले. 1822 मध्ये गाविलगड आणि नरनाळाही निजामाकडे गेले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. तात्या टोप्यांनी गडाचा आसरा घेऊ नये म्हणून 1858 मध्ये इंग्रजांनीच गाविलगडाची तटबंदी मोडून टाकली.

सीताबर्डीचा पडताळा

गाविलगडावर घडलं ते केवळ दैव होतं का, याचं उत्तर चौदा वर्षांनी नागपुरातच मिळालं. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांची सुमारे चौदाशे माणसं कोंडली गेली आणि भोवती आप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पटीने मोठी फौज होती. या वेळी थोडेही इंग्रजच होते आणि वेढलेलेही तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि मोठीवर मारा सुरू केला. तेव्हा कॅप्टन फिट्झजेराल्डने हुकुमाची वाट न पाहता घोडदळाचा हल्ला चढवला आणि मोकळ्या मैदानातली मराठी फळी फोडली. ते पाहून पायदळाला हुरूप आला. टेकडीवर दारूगोळ्याचा गाडा उडाल्याने गोंधळ माजला, तो साधून त्यांनी लहान टेकडीही परत घेतली. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, पण वेढा फुटला.

सीताबर्डीवर गाविलगडासारखा कडा नव्हता आणि तिहेरी तटही नव्हता. तिथे वेढलेल्या सैन्याने बाहेर पडून घाव घातला. गाविलगडावर तो घालायला सहा दिवसांची सवड होती, अनुकूल डोंगर होता आणि पुरेशी माणसंही होती. बेनीसिंहाच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. शौर्य शेवटच्या तासाला दरवाजापाशी दिसलं, पण गड राखायचा होता तो लबाड्याच्या वाटेवर.

चिखलदऱ्याला जाणारे बहुतेक जण गाविलगडाचे दरवाजे आणि तलाव पाहून परततात. पुढच्या वेळी उत्तरेकडच्या तटापाशी थोडं थांबा आणि समोरची जवळजवळ सपाट जमीन पाहा. गाविलगड तिथून पडला, आणि तो पडण्याची सुरुवात त्याही आधी, कुणीच न अडवलेल्या तीस मैलांच्या वाटेवर झाली होती.